स्फटिकाने कूस बदलली

माझ्या हातून लागलेला एकमेव वैज्ञानिक शोध रात्री अडीचला लागला आणि सकाळी साडेदहाला बुडाला. मधल्या आठ तासांतला दीड तास मी मिठाईच्या दुकानाचं शटर कधी वर जातंय, याची वाट बघत फुटपाथवर काढला.

तेव्हा मी पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. डिस्प्रोसियम या धातूचा तांदळाच्या दोन-तीन दाण्यांएवढ्या वजनाचा स्फटिक द्रव हेलियमने उणे 269 अंशांपर्यंत गार करायचा, 9 टेस्लाच्या मॅग्नेटमध्ये सोडायचा आणि त्यात किती चुंबकत्व येतं ते मोजायचं, एवढंच काम. 9 टेस्ला म्हणजे पृथ्वीच्या पुण्यातल्या चुंबकीय क्षेत्राच्या दोन लाख पटींहून जास्त. घरी आईला हे सांगितलं, तर तिने फक्त "घड्याळ काढून ठेवत जा" एवढंच म्हटलं. लॅबबद्दल मला मिळालेल्या सगळ्या सल्ल्यांत मी मानलेला हा एकच.

डिस्प्रोसियम हा दुर्मिळ मृदा खानदानातला. 1886 साली सापडला, आणि ग्रीकमधून आलेल्या त्याच्या नावाचा अर्थच मुळी 'हाती लागायला अवघड'. अंगात चुंबकत्व भरपूर, पण स्वभाव हेकट. स्फटिकाच्या षट्कोनी तळाला समांतर क्षेत्र लावा, की लगेच वश होतो. उभ्या अक्षाच्या दिशेने लावा, की ढिम्म. त्याच्या अणूतल्या आतल्या इलेक्ट्रॉनांचा ढग गोल नसतो, चपटा असतो. आजूबाजूच्या अणूंमध्ये तो ठरावीक अंगानेच बसतो आणि चुंबकत्व त्या ढगाला जखडलेलं असतं. मला नेमकं या हेकट दिशेनेच मोजायचं होतं.

स्फटिक रॉडच्या टोकाच्या होल्डरमध्ये वार्निशने चिकटवतात. हेलियम भरणारे आमचे काका म्हणाले, "दोन थेंब लाव रे, आणि रात्रभर वाळू दे." मी एक थेंब लावला आणि चहा पिऊन आलो.

रात्री क्षेत्र वाढवायला सुरुवात केली. रेषा पुस्तकात असते तशी, आळसावून चढत होती. आणि 3 टेस्लाच्या आसपास आलेख एकदम ताडकन वर गेला! मी खुर्चीतून उठलो. क्षेत्र उतरवलं, तर आलेख आल्या वाटेने परत येईना. दुसरा कुणी असता तर त्याला शंका आली असती. मला सिद्धांत सुचला. पहाटे चारपर्यंत शोधनिबंधाचं शीर्षक तयार होतं, त्यात 'अभूतपूर्व' हा शब्द दोनदा होता.

साडेदहाला सरांच्या टेबलावर आलेख आणि त्यावर पेढ्यांचा पुडा ठेवला. सरांनी पुडा बाजूला सरकवून आलेख पाहिला.

"सॅम्पल बाहेर काढून बघितलंस का?"

"नाही सर. का?"

"बघ."

काकांनी रॉड वर ओढला. वार्निशला तडा गेला होता आणि आमचा स्फटिक होल्डरमध्ये आडवा, निवांत पहुडला होता. त्याने चुंबकत्वाची दिशा बदलली नव्हती, स्वतःच कूस बदलली होती. वश व्हायची सोपी दिशा क्षेत्राच्या रेषेत आणली की काम झालं, हे त्याला माझ्याआधी कळलं. सरांनी पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला: 50 मिलिग्रॅम, 3 टेस्ला, दोन मिलिमीटरचा तुकडा. चिकटलेल्या कडेवर चार-पाच किलोंचा रेटा येऊ शकतो. आणि समोर माझा एक थेंब.

मग त्यांनी कपाटातून एक जुनी झेरॉक्स काढली. 1958 सालचा शोधनिबंध, अमेरिकेत आयोवातल्या एम्सचा. बेहरेंट, लेगवोल्ड आणि स्पेडिंग यांचा, डिस्प्रोसियमच्याच स्फटिकांवरचा. हा मी पहिल्या वर्षी वाचल्याचं सरांना सांगितलं होतं.

"वाचलास ना हा?"

"चाळला होता, सर."

पुढच्या आठवड्यात दोन थेंब लावले, रात्रभर वाळवले, पुन्हा मोजलं. उडी आली नाही. आळसावलेली तिरकी रेषा शेवटपर्यंत तशीच राहिली आणि प्रबंधात तीच छापली आहे.

पेढे अर्धा किलो होते. दोन सरांनी खाल्ले, बाकीचे काकांनी.