खून, सातबारा आणि बिबट्या

रहस्यकथा लिहायचीच असेल तर माणसानं निदान मुंबईत तरी राहावं. बाबुराव अर्नाळकर राहिले. मूळचे चंद्रकांत सखाराम चव्हाण. चष्म्याचं दुकान सांभाळता सांभाळता त्यांनी हजारावर रहस्यकथा लिहून काढल्या. त्यांचा झुंजार वेषांतर करून आत शिरला की समोरचा शेवटच्या प्रकरणापर्यंत फसलेला. हाच झुंजार खोटी दाढी लावून आमच्या सायखेड्याच्या स्टँडवर उतरवून बघा. ‘कोणाकडं आले, पाव्हणं?’ हा पहिला प्रश्न. दुसऱ्यात त्याचं आजोळ निघेल, तिसऱ्यात चुलतभावाची चांदोरीत दिलेली मेहुणी. वर कोणीतरी मायेनं सांगेल, ‘दाढी काढून ठेवा, चहात बुडंल.’

अशा गावात मी रहस्यकादंबरी लिहायला बसलो. गुरुनाथ नाईकांचा आकडा बाराशेच्या घरात जातो. मला एकच हवी होती.

पहिलं प्रेत मी उसात टाकलं. अंधार, सळसळ, सगळं जमून आलं होतं. पण आमच्या गोदाकाठी उसात काहीही झालं तरी संशयित एकच, बिबट्या. माझा इन्स्पेक्टर तिसऱ्या प्रकरणात भिंग घेऊन पोहोचायच्या आत गावानं वनविभागाकडून पिंजरा आणून आत शेळीसुद्धा बांधली असती. मग प्रेत उचललं आणि आमच्या गंगेत, म्हणजे गोदावरीत, पुलापाशी अडकलेल्या पाणवेलीत नेऊन ठेवलं. मित्रानं वाचलं नि म्हणाला, “हे नाशकाचं असंल. गंगेला जे येतं ते वरूनच येतं.” झालं, प्रकरण हद्दीबाहेर गेलं.

बरं, जिल्ह्याच्या इतिहासातून काही उचलावं, तर तिथंही सोय नाही. आमच्याकडची सर्वांत गाजलेली गोळी 21 डिसेंबर 1909 ला नाशकाच्या विजयानंद थिएटरात, ‘शारदा’ नाटकाच्या प्रयोगाला, भरल्या प्रेक्षकांसमोर झाडली गेली. कलेक्टर जॅक्सनला कोणी मारलं हे शोधायला डिटेक्टिव्ह कशाला, तिकीट काढलेलं पुरे होतं.

शेवटी पूर कामाला आला. अॅगाथा ख्रिस्तीबाईंना अख्खी आगगाडी बर्फात अडकवावी लागली. आमच्याकडं गंगापूर धरणाचं पाणी सोडलं की भागतं. ऑगस्ट 2016 मध्ये सायखेडा आणि चांदोरी दोन्ही गावं पाण्यात होती. कल्पना अशी की खून चांदोरीत, संशयित सायखेड्यात, मधे पुलावरून पाणी. आरोपी पलीकडं गेलाच कसा? ही कल्पना मी हॉटेलात मोठ्या खुबीनं सांगितली. एक म्हातारबा म्हणाले, “किती क्युसेक सोडलं होतं?” मी एक आकडा ठोकून दिला. “एवढ्यात पूल बुडत नाही,” ते म्हणाले. दुसरे म्हणाले, बुडतो. दारणेचं पाणी धरलं का, असं तिसऱ्यानं विचारलं. चहाचे दोन राउंड झाले, वाद मिटेना. मेलं कोण, हे मात्र एकानंही विचारलं नाही.

हस्तलिखित आत्याला वाचून दाखवलं. दुसऱ्या पानावर तिनं थांबवलं. “जमीन कुणाच्या नावावर हाय?” मी म्हटलं, आत्या, ते शेवटी कळणार आहे. “मंग धाकल्या भावानं मारला. बांधावरून. सातबारा काढ, आत्ता कळंल.” तीनशे पानं, दोन खोटे संशयित आणि एक विषारी द्राक्षाचा घड तिनं भाजी निवडता निवडता निकालात काढला.

तेव्हा उजेड पडला. आमच्याकडं खून कोणी केला हे रहस्य नसतंच. ते संध्याकाळपर्यंत पारावर कळतं. पंचनाम्यावर पंच म्हणून सही कोण करणार, हे खरं रहस्य! सगळ्यांनी पाहिलेलं असतं आणि नेमका तेव्हा प्रत्येक जण लासलगावला गेलेला असतो. मी भिंगवाल्या इन्स्पेक्टरला रजा दिली, एका तलाठ्याला नायक केलं आणि खुन्याचं नाव पहिल्याच पानावर लिहून टाकलं. उरलेल्या कादंबरीत तलाठी साक्षीदार शोधतो.

पुण्याच्या एका प्रकाशकांनी विचारलं, “खुनी पहिल्या पानावर, मग वाचकानं पुढं वाचायचं कशाला?” आणि लगेच, “तुम्ही स्वतः किती प्रती उचलाल?” दुसरा प्रश्न त्यांनी जास्त आस्थेनं विचारला. त्या वर्षी उन्हाळ कांद्याला भाव बरा मिळाला, म्हणून मराठी साहित्यात भर पडली.

पुस्तक गावात हातोहात गेलं, फुकट होतं म्हणूनही असेल. तलाठी कोण, सरपंच कोण, याच्या याद्या निघाल्या. एक जण तावातावानं दारात आला. मला वाटलं, आता अब्रुनुकसानीचा दावा. तो म्हणाला, “खुनी माझ्यावरून घेतला ना? समद्या गावाला माहीत झालंय.” मी शपथेवर नाही म्हटलं.

“नाही कसं? मंग कव्हरवर फोटू दुसऱ्याचा का टाकला?”