ससा घेणार कोण?

ससेपालनाच्या जाहिरातीत सगळं असतं. दहा सशांचं एक युनिट, त्यात सात माद्या आणि तीन नर. पिंजरे, पाण्याच्या बाटल्या, एक दिवसाचं प्रशिक्षण, स्टँप पेपरवरचा करार. ‘पिल्लं आम्हीच परत घेऊ’ हे वाक्य सगळ्यांत ठळक. तो ससा शेवटी कोणाच्या ताटात जाणार, एवढंच तिथे लिहिलेलं नसतं.

ही जाहिरात नेमकी कोणत्या घरात पोचते तेही पाहा. 2024-25 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4892 रुपये होता आणि बाजारात शेतकऱ्याच्या हातात त्याहून कमी पडत होते. लातूरच्या आडतीवरून पट्टी घेऊन परतलेला, दोन-तीन एकरांचा माणूस जोडधंदा शोधणारच. त्यात त्याचा काही दोष नाही आणि त्याला कोणी हावरट म्हणू नये. त्याच्या या गरजेवर जे दुकान मांडतात त्यांच्याशी माझं भांडण आहे.

हिशेब मांडू. सात माद्या. सशाची मादी महिन्याभरात, 30-31 दिवसांत विते. वर्षाला पाच वेतं आणि वेतामागे जगलेली सहा पिल्लं धरू. जाहिरातवाला याहून जास्तच सांगतो. झाली 210 पिल्लं, पैकी निम्म्या म्हणजे 105 माद्या. त्यातून सात-सात माद्यांची 15 नवी युनिटं होतात. कंपनी तुमची पिल्लं परत घेते ती कुठे नेते? पुढच्या शेतकऱ्याला युनिट म्हणून विकते. म्हणजे तुमचे पैसे फिटायला 15 नवे शेतकरी लागले. त्यांचे फिटायला 225. त्यांच्याही पुढच्या वर्षी 3375. नांदेड आणि लातूर दोन्ही जिल्ह्यांतली मिळून गावं अडीच हजारांच्या घरात आहेत. एका शेतकऱ्याने सुरू केलेली साखळी तिसऱ्या वर्षी दोन जिल्ह्यांतल्या गावागावांत युनिट देऊनही पुरी पडत नाही. शिवाय दरवर्षी प्रत्येकाच्या शेडमध्ये 60 जादा नर उरतात, त्यांना तर युनिटमध्येही जागा नाही. ससा कोणी खातच नसेल, तर या धंद्यात येणारा सगळा पैसा नव्या शेतकऱ्याच्या खिशातून येतो. नवा शेतकरी यायचा थांबला की कंपनीचा फोन लागत नाही.

हे आपल्याला नवीन आहे का? 2012 साली तमिळनाडूत इरोड जिल्ह्यातल्या पेरुंदुराईची, एमू पक्षी अशाच करारावर पाळायला देणारी सुसी एमू फार्म्स कोसळली. महाराष्ट्रातही एमू पाळणारे कर्जात रुतले, कारण एमूचं मटण मागायला गिऱ्हाईक आलंच नाही. 2019 साली सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरच्या महारयत अ‍ॅग्रोचं कडकनाथ प्रकरण बाहेर आलं. पिल्लं द्यायची, खाद्य द्यायचं, अंडी आणि कोंबड्या चढ्या भावाने परत घ्यायच्या, अशी ती योजना होती. शेवटी मुख्यमंत्र्यांच्या महाजनादेश यात्रेपुढे कडकनाथ कोंबड्या फेकण्यापर्यंत पाळी आली. कडकनाथ खाणारी माणसं तरी होती. सशाचं काय?

मराठवाड्यात ससा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे रानातला ससा येतो. त्याची शिकार 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. पिंजऱ्यातला न्यूझीलंड व्हाइट किंवा सोव्हिएत चिंचिला ही जातच वेगळी, ते पाळायला बंदी नाही. पण हा फरक ढाबेवाल्याला कोण समजावणार? तो म्हणतो, नसती झंझट नको. मटण चांगलं आहे, चरबी कमी आहे, हे सगळं खरं. चांगलं असणं आणि खपणं यांत फार अंतर आहे. 2019 च्या पशुगणनेत देशात 14.88 कोटी शेळ्या होत्या आणि ससे होते साडेपाच लाखांच्या आसपास. खाणारे असते तर आकडा इतका लहान राहिलाच नसता.

मग एजंट दुसरं पिल्लू सोडतो: ‘औषध कंपन्या प्रयोगासाठी घेतात.’ प्रयोगशाळेला जनावर पुरवायचं तर केंद्र सरकारच्या समितीकडे नोंदणी असलेला पैदासकार लागतो, 1998 चे तसे नियम आहेत. पत्र्याच्या शेडमधून टेम्पोत भरलेला ससा तिथे दारातही उभा करत नाहीत. सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवरची चाचणी तर देशात 2014 पासून बंद आहे. तिसरं पिल्लू लोकरीचं. लोकर देतो तो अंगोरा ससा, आणि तो थंडीचा प्राणी. केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेचं अंगोराचं काम कुलूजवळ गडसा इथे चालतं. मटणाच्या सशांचं काम चालतं ते तमिळनाडूत कोडाईकनालच्या डोंगरात, मन्नवनूरला. सरकारने दोन्ही ठिकाणं थंड हवेची निवडली, यातच बरंच काही आलं.

आपल्याकडे मे महिन्यात नांदेडचा पारा 42 अंशांवर जातो. सशाला माणसासारखा घाम येत नाही; अंगातली उष्णता तो कानांवाटे बाहेर टाकतो. दुपारी दोन वाजता पत्र्याखाली उभं राहून पाहावं. ससे जाळीवर आडवे पसरलेले असतात, कान लालबुंद, नाकपुड्या भराभर हलतात, पुढ्यातला घास तसाच पडलेला. खाली साचलेल्या मुताचा वास डोळ्यांना झोंबतो. पारा पस्तिशीच्या पुढे राहिला की नर काही आठवडे निकामी होतात, गाभण माद्या दगावतात. हिशेबात धरलेल्या पाच वेतांपैकी उन्हाळ्यातली वेतं तिथेच गळतात. कूलर लावावा तर लाइट कधी जाईल याचा भरवसा नाही.

विण्याआधी मादी स्वतःच्या अंगाचे केस उपटून डब्यात गादी करते. पिल्लं केसाविना, डोळे मिटलेली. डोळे उघडायला दहा-बारा दिवस लागतात. आई दिवसातून एकदाच, दोन-चार मिनिटं पाजते. त्या वेळी कुत्रं भुंकलं, कोणी डबा हलवला, तर बिथरलेली मादी पिल्लं टाकते, कधी खातेही. कानात खरूज होते, जाळीने तळपाय सोलतात, हगवणीने अख्खं वेत एका रात्रीत जातं. हे सांभाळायला घरातली बाई दिवसभर लागते आणि तिची मजुरी कोणत्याच जाहिरातीच्या हिशेबात धरलेली नसते. हिरवा लसूणघास वर्षभर लागतो तो वेगळाच. 2016 च्या एप्रिलात ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथली ही गोष्ट आहे.

आणि आपल्या दारात काय आहे? उस्मानाबादी शेळी. याच मातीची, याच उन्हाची, जुळी देणारी. पोराची फी भरायची वेळ आली तर आठवडी बाजारात नेली की संध्याकाळी पैसे हातात. देवणी आणि लाल कंधारी ही गुरं याच दोन जिल्ह्यांनी देशाला दिली. हाळी हंडरगुळीच्या बाजारात, माळेगावच्या यात्रेत जनावराचे दात पाहून, रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवणारी माणसं आपली आहेत. या माणसांना जनावरातलं शहाणपण शिकवायला एजंट येतो आणि आपण त्याच्या करारावर सही करतो, याचं मला फार वाईट वाटतं.

ससा पाळूच नये असं मी म्हणत नाही. केरळात लोक खातात, तिथे तो खपतो. तुमच्या गावात, ओळखीत खाणारी दहा घरं असतील तर दोन माद्या आणि एक नर आणा, एक उन्हाळा काढा, मटण स्वतः विकून पाहा. खपलं तर वाढवा. पण युनिट विकणाराच तुमचं एकमेव गिऱ्हाईक असेल, तर तो धंदा त्याचा आहे, तुमचा नाही.

नांदेड आणि लातूर जिल्हा परिषदांच्या पशुसंवर्धन विभागांनी हा सगळा हिशेब एका पानावर छापून प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावं. गुन्हा नोंदवायला 1999 चा ठेवीदार संरक्षण कायदा आहे, पण तो पैसे बुडाल्यानंतर धावतो आणि जप्तीतून पैसे परत यायला वर्षं जातात.

वाचकांना एकच विनंती. कोणी करार घेऊन आला तर त्याला विचारा, गेल्या वर्षी शेतकऱ्यांकडून परत घेतलेले ससे कोणत्या खाटकाला, कोणत्या हॉटेलला विकले, त्याच्या पावत्या दाखव. नव्या शेतकऱ्याच्या नावची पावती चालणार नाही. मग उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात जाऊन तिथल्या प्राध्यापकांना विचारा. पावत्या मिळेपर्यंत सही करू नका, आणि घरातलं सोनं तर अजिबात गहाण ठेवू नका.