सर्व्हरशास्त्री

देवळाच्या वाटेवर लॉज, जिन्याखाली कपाट, कपाटात लिनक्सचा सर्व्हर. संकष्टीला खोल्या भरत आल्या की स्क्रीनवर हमखास उमटतं: ‘टेम्पररी फेल्युअर इन नेम रिझोल्यूशन’. बुकिंग उघडत नाही, बिल निघत नाही आणि पुण्याहून आलेलं कुटुंब बॅगा धरून उभं. अशा वेळी पालीत सर्व्हरशास्त्र्यांना बोलवावं लागत नाही. ते आलेलेच असतात.

चष्मा कपाळावर, पेनड्राइव्ह गळ्यात. बसल्या बसल्या ‘पिंग आठ आठ आठ आठ’. पिंग जातं. "नेट जिवंत आहे, मालक. नावं सापडत नाहीयेत." मग चहा येईपर्यंत निरूपण. यंत्राला आकडे कळतात. नावावरून आकडा सांगायला डीएनएस. तो पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ साली आखला. त्याआधी सगळ्या नेटवर्कची नावं एकाच होस्ट्स फाइलीत मावत. "लिनक्स अजूनही आधी घरच्या होस्ट्स फाइलीला विचारतो, मग डीएनएसला. आधी धुंडीविनायक, मग बल्लाळेश्वर!" मालक जागच्या जागी हात जोडतात.

उपाय ठरलेला. ‘रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ’ उघडायची, वरची ओळ ‘कचरा’ म्हणून उडवायची आणि खाली चार आठ ठोकायचे. साइट उघडते. शास्त्री पैसे घेत नाहीत. मिसळीला मात्र नाही म्हणत नाहीत.

पुढं कधीतरी वीज जाते, येते, सर्व्हर नव्याने उठतो आणि राउटर सांगेल ते पत्ते फाइलीत पुन्हा लिहिले जातात. त्यातला पहिला कधीचाच मेलेला. प्रत्येक नावासाठी सर्व्हर त्याच्या उत्तराची पाच सेकंद वाट बघतो, मग दुसऱ्याकडे वळतो; तोही गप्प असला की पुन्हा ‘टेम्पररी’. शास्त्रीही पुन्हा.

एकदा वैतागून त्यांनी ‘चॅटर प्लस आय’ देऊन फाइलीला कुलूपच घातलं. आता रूटलाही ती बदलता येईना. पुढं स्वतःलाच बदलायची वेळ आली तेव्हा कुलूप विसरलेले शास्त्री गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "व्हायरस!"

मालकांची लेक पनवेलला कॉलेजात. सुट्टीत घरी आली होती. "काका, ती पहिली ओळ वाचली होतीत का? ‘जनरेटेड बाय नेटवर्कमॅनेजर’. फाइल तोच लिहितो, तर त्यालाच सांगू या की." तिनं कुलूप काढलं, जोडणीच्या सेटिंगमध्ये चालते पत्ते भरले, राउटरचे घेऊ नकोस म्हणून बजावलं आणि दोनदा बंद-चालू करून दाखवलं.

पुढच्या संकष्टीला शास्त्री वेळेवर हजर. बिलं धडाधड निघत होती. त्यांनी पिंग करून बघितलं, नावानं करून बघितलं, चहा अर्धाच प्यायले. मग प्रिंटरकडे वळून म्हणाले, "मालक, याचा आवाज जरा वेगळा येतोय का हो?" आणि झाकण उघडलं.