आधी तोंड तरी दाखव!

विंडोज १० ची नेहमीची सेवा मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद केली आणि तीर्थपुरीसारख्या गावातल्या जुन्या संगणकांपुढे दोन वाटा उरल्या: भंगार किंवा लिनक्स. भंगारवाला निदान पैसे देतो. लिनक्स चकटफू येते. फक्त पहिल्या भेटीत तोंड दाखवेलच असे नाही.

इन्स्टॉल बिनबोभाट होते, मग यंत्र पुन्हा सुरू केले की काळा पडदा. जाणकार सांगतो, बूटच्या ओळीत ‘नोमोडसेट’ लिही. लिहिले की चित्र उमटते, पण १०२४ बाय ७६८ मध्ये ताणलेले. सातबाऱ्यावरचा अर्धा एकर पाऊण एकर दिसतो. शेतकरी खूश, तलाठ्याला घाम.

एनव्हिडियाचे कार्ड असेल तर ड्रायव्हर दोन. ‘नूवो’ हा हौशी मंडळींनी कार्डाचे वागणे न्याहाळत, उलटा माग काढत रचलेला. दुसरा कंपनीचा, पण सही पटल्याशिवाय ‘सिक्युअर बूट’ त्याला उंबरा ओलांडू देत नाही. २०१२ मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात खुद्द लिनस टोरवाल्ड्सने या कंपनीला भर सभेत मधले बोट दाखवले होते. लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या जनकाची ही तऱ्हा, तिथे घनसावंगी तालुक्याने काय दाखवावे?

पूर्वी पडद्यावर चित्र उमटवणाऱ्या एक्सऑर्गची फाइल हाताने लिहीत. चूक झाली तर सापडायची तरी. आता त्याच्या जागी वेलँड आले, ती फाइल गेली, शिव्या कुणाला द्यायच्या तेच कळेना. यावर जाणकारांचा हुकमी उतारा: डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा अवतारच बदल. उबुंटूवाला मिंट सुचवतो, मिंटवाला फेडोरा. कर्नल तिघांचाही लिनक्सच.