पेडलांचं रुखवत

हौशी गिटारवाले जमले की आधी रुखवत मांडतात. दोन फेंडर, एक गिब्सन, ट्यूबचा अ‍ॅम्प, सात पेडल. ‘हिचा फ्रेटबोर्ड रोजवुडचा हं!’ मग पाहणी, हेवा, किंमत (घरी सांगितलेली वेगळी). तारा सुरात लावेपर्यंत निघायची वेळ होते.

तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीराजांनाही विलायती वाद्यांची हौस. पण त्यांनी बँड उभा केला, वाजवणारे पदरी ठेवले.  त्याच मुलखातली वीणा फणसाच्या लाकडाची. 24 पडदे मेणात बसवलेले, चार तारा वाजवायच्या, तीन तालाच्या. पेडल जोडायची सोय मुळातच नाही. बिचारी घेतली की वाजवावीच लागते.