सोडवून देऊ नका

अकरावी-बारावी सायन्सच्या किंवा डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाच्या मुलाला फिजिक्सचं न्युमेरिकल आख्खं सोडवून देणं ही मदत नव्हे. त्यानं स्वतः करायचा विचार आपण हिसकावून घेतो, एवढंच त्यातून होतं. क्लासवाले हे फी घेऊन करतात, मोबाइलवरची ॲप्स फोटो काढताक्षणी करतात आणि शेजारचा हुशार दादा मायेपोटी करतो. तिघांच्याही हातून नुकसान सारखंच होतं.

कोसाडचं उदाहरण घेऊ. सुरतच्या उत्तरेला, तापीपलीकडे, मुंबई-अहमदाबाद रेल्वेमार्गावर उत्राणनंतरचं हे स्टेशन. महापालिकेनं झोपडपट्टीतल्या कुटुंबांसाठी बांधलेली कोसाड आवास ही मोठी वसाहत इथलीच. सुरतेत लूमवर बारा-बारा तासांची पाळी करणाऱ्या असंख्य घरांत आता पहिल्यांदाच कुणीतरी इंजिनिअरिंगचं पुस्तक उघडतं आहे. त्या मुलाला अडलं तर घरात विचारायला कुणी नसतं. म्हणूनच त्याला मिळणारी मदत खरी असायला हवी.

आता प्रश्न पाहा. ताशी ७२ किलोमीटर वेगानं येणारी मेमू लोकल ब्रेक लागल्यावर ४०० मीटरमध्ये कोसाड स्टेशनात थांबते, तर तिचं मंदन किती? सूत्र सगळ्यांना पाठ असतं: वेगाचा वर्ग भागिले अंतराची दुप्पट. मुलगा ७२ चा वर्ग करतो, ८०० नं भागतो आणि ६.४८ लिहून मोकळा होतो. क्लासमध्ये लाल शाईनं दुरुस्ती होते: आधी ताशी किलोमीटरचं सेकंदाला मीटर कर, वेग २०, उत्तर ०.५. मुलगा ते वहीत उतरवतो आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तीच चूक करतो.

कारण त्याला खरा प्रश्न कुणी विचारलाच नाही: ६.४८ हे उत्तर तुला पटतं का? हे मंदन गुरुत्वत्वरणाच्या जवळजवळ दोन-तृतीयांश झालं. मेमू खरंच अशी थांबली, तर उभे असलेले प्रवासी एकमेकांवर जाऊन आदळतील. रोज गाडीनं येणारा-जाणारा मुलगा हे क्षणात ओळखेल. ज्ञान त्याच्या अंगात आहे, फक्त ते वहीपर्यंत आणून देणारं कुणी हवं. शिकवणी म्हणतात ती हीच.

मिशेलीन ची, पॉल फेल्टोविच आणि रॉबर्ट ग्लेसर या संशोधकांनी १९८१ मध्ये एक महत्त्वाचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यातल्या प्रयोगात फिजिक्सच्या प्रश्नांचे गट पाडायला सांगितले, तेव्हा नवख्यांनी वरवरच्या रूपावरून पाडले: उताराचे प्रश्न एकीकडे, स्प्रिंगचे दुसरीकडे. जाणकारांनी मात्र तत्त्व पाहिलं: इथे ऊर्जा अक्षय्यता, तिथे न्यूटनचा दुसरा नियम. आयती सोडवणूक मुलाला फक्त रूप दाखवते. तत्त्व ओळखण्याची नजर त्यानं स्वतः धडपडल्याशिवाय येत नाही.

कोसाडमध्ये मराठी घरंही आहेत, आणि तिथल्या मुलाची अडचण दुहेरी आहे. सुरत महापालिकेच्या मराठी शाळा आहेत, पण पुढे इंजिनिअरिंगच्या वाटेवर इंग्रजी येतंच. जेईई मेन ही प्रवेशपरीक्षा २०२१ पासून तेरा भाषांत होते, त्यात मराठीही आहे. पण मराठी प्रश्नपत्रिका महाराष्ट्रातल्या केंद्रांवरच मिळते, सुरतच्या केंद्रावर नाही. शिवाय प्रश्नाच्या वाक्यात माहिती लपलेली असते. गाडी स्थिर अवस्थेतून निघाली, म्हणजे सुरुवातीचा वेग शून्य. पृष्ठभाग गुळगुळीत आहे, म्हणजे घर्षण धरायचं नाही. दोरी हलकी आहे, म्हणजे तिचं वस्तुमान सोडून द्यायचं. मुलगा इथे अडतो आणि आपण म्हणतो, त्याचं गणित कच्चं आहे.

मग मदत कशी करावी? जॉर्ज पोल्या या गणितज्ञानं १९४५ च्या पुस्तकात चार पायऱ्या सांगितल्या: प्रश्न समजून घ्या, बेत आखा, तो पार पाडा, मागे वळून तपासा. आपल्याकडे तिसरीच पायरी तेवढी शिकवली जाते. मदत करणाऱ्यानं पेन मुलाच्याच हातात ठेवावं आणि विचारावं: काय दिलं आहे? काय काढायचं आहे? आकृती कुठे आहे? वस्तूवर कोणकोणती बलं लागतात, ती बाणांनी दाखव. एकक कोणतं? उत्तर पटतं का? अडला तर एक इशारा द्यावा आणि थांबावं.

यातले निम्मे प्रश्न विचारायला फिजिक्स यावं लागत नाही. चौथी शिकलेली आईसुद्धा म्हणू शकते, ‘बाळा, यात काय दिलंय ते मला समजावून सांग.’ समजावून सांगताना मुलाला स्वतःची चूक सापडते. लूमवरचे वडील विचारू शकतात, ‘एक हॉर्सपॉवरची मोटर बारा तास चालली तर किती युनिट?’ एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट, त्यामुळे हिशोब जवळपास ९ युनिटांवर येतो. मोटर स्वतः थोडी वीज वाया घालवते, म्हणून प्रत्यक्षात त्याहून जास्त लागते. कार्यक्षमतेचा आख्खा धडा या एका प्रश्नात आहे.

शहरात १९६१ पासूनचं सरदार वल्लभभाई इंजिनिअरिंग कॉलेज आहे, आज ते एनआयटी आहे. मजुरा गेटला गांधी इंजिनिअरिंग कॉलेज आहे. तिथे शिकणाऱ्या मराठी मुला-मुलींनो, रविवारी दोन तास तापी ओलांडून कोसाडला या. तुम्हीही कधीतरी ७२ थेट टाकले असतील, म्हणून तुमच्याइतकं नेमकं कुणी शिकवू शकणार नाही. महापालिकेनं संध्याकाळी शाळेच्या खोल्या उघडून द्याव्यात. फळा, खडू आणि दिवा एवढं पुरेसं आहे. सुरतच्या मराठी मंडळांनी गणेशोत्सवाच्या वर्गणीतला थोडा वाटा यासाठी काढावा.

आणि ज्याच्याकडे कुणी वही घेऊन येईल, त्या प्रत्येकाला एवढंच सांगणं: उत्तर सांगू नका. ‘कुठे अडलं?’ असं विचारा आणि मूल बोलेपर्यंत वाट पाहा.