लीगकाका

लीगकाकांच्या छातीवर ज्या संघाचं नाव असेल, तो संघ बंद पडला आहे असं खुशाल समजावं. सोमवारी ‘पुणे स्ट्रायकर्स’, बुधवारी ‘एफसी पुणे सिटी’, आणि मंगळवारी महडच्या वरदविनायकाला जायचं म्हणून त्यातल्या त्यात न विटलेला ‘मुंबई चॅम्प्स’. चालू संघाचा टी-शर्ट ते घेत नाहीत. “चालू आहे तोवर महाग असतो,” म्हणतात. “बंद पडला की फुटपाथवर दीडशेला मिळतो. माणसाला थांबता आलं पाहिजे.”

काका राहायला खोपोलीत, बसायला कर्जत स्टेशनाबाहेर. मधली लौजी, डोळवली, केळवली आणि पळसदरी ही स्टेशनं रोज सकाळी ओलांडून ते चहाला येतात. खोपोलीत चहा मिळत नाही असं नाही. पण तिथे त्यांचं बोलणं ऐकून घ्यायला आता फारसं कुणी उरलेलं नाही.

असा गृहस्थ प्रत्येक तालुक्यात असतो. तो लग्नात पंगतीला बसून संसार किती टिकेल ते सांगतो, नव्या हॉटेलच्या उद्घाटनाचा पेढा तोंडात असताना दुकानाचा गाळा पुन्हा भाड्याने कधी निघेल ते सांगतो. आमच्या काकांनी हा छंद खेळांच्या लीगपुरता ठेवला, हे कर्जत-खालापूरच्या नवविवाहितांवर उपकारच झाले. कुठेही नवी लीग जाहीर झाली, नट-नट्या मालक म्हणून स्टेजवर उभ्या राहिल्या, फटाके उडाले, की काका बशीतला चहा संपवतात आणि म्हणतात, “दोन सीझन.”

या अधिकारवाणीला आधार आहे तो नोकरीचा. काका रेल्वेत होते, आणि तेही बँकरवर. कर्जतला गाडीतून उतरून ज्यांनी दिवाडकरांचा वडा खाल्ला आहे, त्यांना बँकर माहीत असतो. पुण्याकडे जाणारी गाडी इथे थांबते, मागून इंजिनं लागतात आणि ती गाडीला ढकलत बोरघाट चढवतात. ३७ फूट पुढे गेलं की एक फूट वर, असा चढ. लोणावळ्याला बँकर सुटतो. प्रवाशाच्या हातात तोवर चिक्की आलेली असते, त्याला पत्ताही लागत नाही.

“लीगचं तेच,” काका सांगतात. “पैसेवाला मागून ढकलतो आणि पुढे बसलेल्यांना वाटतं, आपलंच इंजिन जोरात आहे. गाडी चालते का नाही, ते बँकर सुटल्यावर बघायचं.”

बाकी सगळं सोडा, हे त्यांचं म्हणणं खोडून काढणं अवघड आहे. इंडियन सुपर लीगचंच घ्या. फुटबॉल महासंघाने २०१० साली रिलायन्सच्या गटाशी पंधरा वर्षांचा करार केला. वर्षाला ५० कोटी महासंघाला. २०१४ मध्ये लीग सुरू झाली. डिसेंबर २०२५ मध्ये करार संपला आणि त्याच्या आधीच, जुलैपासून, गाडी उभी. खेळाडू घरी, परदेशी प्रशिक्षक आपापल्या देशात, प्रकरण सुप्रीम कोर्टात. मँचेस्टर सिटीवाल्यांनी २०१९ साली मुंबई सिटीचा ६५ टक्के हिस्सा घेतला होता, ते २०२५ संपता संपता खाली उतरले. अखेर १४ फेब्रुवारी २०२६ ला लीग निघाली: १४ संघ, प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदाच खेळायचं, ९१ सामने. एरवी दसऱ्याच्या आसपास सुरू होणारी लीग शिमग्याच्या तोंडावर आली.

“वसंतातली लीग!” काकांना उकळ्या फुटल्या. कारण वसंत हा त्यांचा खास विषय. त्यांचा एक भाचा न्यू जर्सीत एडिसनला असतो. त्याने कधीतरी फोनवर सांगितलं, की अमेरिकेत त्यांचा तो अंड्यासारख्या चेंडूचा फुटबॉल हिवाळ्याआधी सुरू होतो. मग वसंत मोकळा पडतो, म्हणून दर काही वर्षांनी कुणीतरी वसंतात नवी लीग काढतो आणि बुडतो. १९८३ ची लीग तीन सीझन चालली. २००१ ची एक सीझन. २०१९ ची तर सीझन संपायच्या आधीच आटोपली. २०२० ची करोनात गेली. आता उरल्यासुरल्या दोन लीग २०२४ मध्ये एकत्र करून पुन्हा वसंतात खेळवतात.

यातली १९८३ ची कथा काका कीर्तनासारखी रंगवतात. त्या लीगमध्ये न्यू जर्सीचा संघ डोनाल्ड ट्रम्प यांचा. वसंतात बरं चाललं होतं, तर यांनी हट्ट धरला की मोठ्या लीगच्या अंगावर जायचं, त्यांच्याच मोसमात खेळायचं. मग मक्तेदारीचा खटला. १९८६ मध्ये ज्युरी म्हणाली, हो, मोठ्या लीगने मक्तेदारी केली. नुकसानभरपाई किती? एक डॉलर. कायद्याने तिप्पट होते, म्हणून तीन. व्याज धरून चेक आला ३ डॉलर ७६ सेंटचा. इथे काका थांबतात, समोरच्याकडे बघतात. “वकिलाचा चहा तरी निघाला असेल का रे?”

आपल्याकडचे वसंतही त्यांना पाठ आहेत. वर्ल्ड सीरिज हॉकी सुरू झाली २९ फेब्रुवारी २०१२ ला. पुणे स्ट्रायकर्स फायनलपर्यंत गेले, पंजाबकडून हरले, आणि लीग तिथेच संपली. “२९ फेब्रुवारीला जन्मलेल्याचा वाढदिवस चार वर्षांनी तरी येतो,” काका म्हणतात. “हिचा तोही आला नाही.” त्याच वर्षी अमेरिकन फुटबॉलची भारतीय लीगही निघाली, संघाचं नाव ‘पुणे मराठाज’, आणि सामने कोलंबोत. मराठे लंकेत उतरले, याची इतिहासकारांनी दखल घेतली नाही, ही काकांची खंत आहे. मे २०१९ मध्ये बालेवाडीला बंडखोर कबड्डी लीग आली, ‘मुंबई चे राजे’ वगैरे. एकच हंगाम.

एफसी पुणे सिटीची गोष्ट मात्र ते उभं राहून सांगतात. २०१४ ला हृतिक रोशन मालकांत होता. २०१९ ला पुणं गेलं, त्या जागी हैदराबाद आलं. हैदराबादने २०२२ मध्ये लीग जिंकली. २०२५ ला हैदराबादचा संघ दिल्लीला हलला. “पुणे, सिकंदराबाद, निजामुद्दीन. तिकीट एकाच गाडीचं काढलं होतं, पण प्रेक्षक पुण्यालाच फलाटावर राहिले.”

आता काकांचा एक दुखरा सांधा सांगतो. २०१४ मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली तेव्हाही ते “दोन सीझन” म्हणाले होते. रायगडात कबड्डीबद्दल असं बोलणं म्हणजे काय, हे इथल्यांनाच कळेल. ज्या जिल्ह्यात गावोगाव मातीच्या मैदानावर ट्यूबलाइट लावून रात्रभर सामने चालतात, तिथे! ती लीग अजून चालू आहे. तिचा विषय निघाला की काकांना लगेच खोपोलीची गाडी आठवते. मी एकदा त्यांना अडवलं. ते म्हणाले, “मी मॅटवरच्या कबड्डीबद्दल बोललो होतो.” प्रो कबड्डी पहिल्या दिवसापासून मॅटवरच आहे.

आणि हेच काका खालापूरकडच्या एका गावात टेनिस बॉल क्रिकेटच्या चषकाचे सल्लागार आहेत. भात कापून झालं की शेत मोकळं होतं, बांध फोडून खेळपट्टी लाटतात. मधेच एखाद्याने वाल पेरले तर त्या बाजूची बाउंड्री लहान. बक्षिसाचा चषक निवडणुकीच्या वर्षी कमरेएवढा, एरवी गुडघ्याएवढा. कुणाशी करार नाही की कोर्टकचेरी नाही. सरपंचाने नारळ फोडला की सुरू. मार्च २०२४ मध्ये हाच टेनिस बॉल ठाण्याच्या दादोजी कोंडदेव स्टेडियमवर दहा षटकांच्या लीगमध्ये गेला आणि खुद्द अमिताभ बच्चन एका संघाचे मालक झाले, तेव्हा काका दोन दिवस घुश्श्यात होते. “बॉल आमचा, आणि पॅव्हेलियन यांचं!”

या चषकाचं भविष्य मात्र ते कधीच सांगत नाहीत. खजिनदाराकडून मला कळलं त्याचं कारण. वर्गणी दरवर्षी कमी पडते, आणि बक्षीस समारंभाच्या आदल्या रात्री पेन्शनमधून पाच हजार एक आणून कुणीतरी भर घालतं. पावतीवर ‘एक क्रीडाप्रेमी’. घाट चढून कितीतरी वर्षं झाली असतील, बँकर काही सुटायला तयार नाही. मी हे काकांना विचारलं, तर म्हणाले, “छे! दोन सीझन.”

बरं, यंदाच्या फुटबॉलचं काय? काकांना विचारलं तर ते मैदानात बघून ठरवू म्हणतात. मुंबई सिटीच्या सामन्याला ते अंधेरीला जातातही, अंगात पुणे सिटीचा टी-शर्ट घालून, त्यामुळे दोन्हीकडचे लोक त्यांच्याकडे संशयाने बघतात. पण सत्तराव्या मिनिटाला काकांची चुळबुळ सुरू होते. अंधेरीहून दादर, दादरहून खोपोली. ती चुकली तर कर्जत लोकल आणि पुढे मध्यरात्री रिक्षावाला मागेल ते. पंचाहत्तराव्या मिनिटाला ते उठतात. इतक्या लीगचा शेवट सांगणाऱ्या या माणसाने एकाही सामन्याचा शेवट पाहिलेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन येतो. “काय झालं रे शेवटी?”

“काका, नव्वदाव्या मिनिटाला गोल झाला. मुंबई जिंकली.”

“शक्यच नाही,” काका म्हणतात. “मी निघालो तेव्हा सामना संपल्यातच जमा होता.”